माझी सवत फोनात राहते

मी खिडकी बोलतेय. भिंतीतली. सागाची चौकट, लोखंडी गज, खाली हात घालण्यापुरती मोकळी जागा आणि पुढे एक रुंद फळी. आधीच सांगून टाकते, मी गोड बोलणारी नाही. ज्याला गोड ऐकायचं असेल त्यानं रस्त्यापलीकडच्या चहावाल्याकडे जावं. तो सगळ्यांशीच गोड बोलतो.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथहून सरहद्दीच्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या कापूस संघाचं दफ्तर आहे. समोर आवार, आवारात गाड्या तोलायचा काटा, आणि काट्याकडे तोंड करून मी. इथली रीत अशी की कापूस आणायच्या आधी शेतकऱ्यानं टोकन काढायचं. टोकनावर दिवस पडतो. त्या दिवशी भोंग्यावरून त्याचं नाव पुकारतात आणि मगच त्याची गाडी काट्यावर चढते. ज्याची मोसमातली पहिली गाडी असेल, तो काट्याजवळच्या दगडावर नारळ फोडतो आणि खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या फळीवर आणून ठेवतो. माझ्यामागं बसून टोकन देणारा मुन्शी तो खातो. नाव मुन्शीचं, पण ठेवतात माझ्यापुढं, हे विसरू नका.

ते टोकन माझ्यातून मिळायचं. दुसरं दार नव्हतं.

माझं लाकूड इथल्याच जंगलातलं. मला घडवणारा सुतार उटनूरकडचा होता, हाताचा पक्का आणि डोक्याचा हट्टी. मला बसवताना त्यानं माप घेतलं ते तेव्हाच्या मुन्शीच्या छातीचं. तो मुन्शी ताडमाड. म्हणून मी उंच झाले. बुटके लोक टाचा वर करायचे. आणि लखन, ज्याचे पाय लहानपणीच गेले, तो तीनचाकी सायकलवर बसून यायचा. तो खालूनच ओरडायचा, "मुन्शीजी, इतके साल झाले, मी या खिडकीचं बूडच पाहून राह्यलो. कधी तोंड तं दाखवा तिचं." लोक हसायचे. मी हसत नव्हते. मला काय कुणी विचारून बसवलं होतं?

शाळेत मी कधी गेले नाही. जे शिकले ते भिंतीत उभं राहून. सकाळी साहेब आले की तेलुगू ऐकायची, उन्हं चढली की मराठी, आणि जिनिंगचा व्यापारी भैंशाहून आला की हिंदी. पट्टा, दाखला, नकल, फसल हे जुने शब्द मुन्शी लोकांच्या तोंडून उचलले. आज कुणीही येऊन माझ्यापुढं तक्रार सांगावी, ती खरी की खोटी हे मी वाक्य संपायच्या आत सांगेन. माणूस खोटं बोलायला लागला की गज घट्ट धरतो.

माणसांचे हात मी जितके पाहिले तितके डॉक्टरनंही पाहिले नसतील. लोक आधी हात आत घालतात आणि मग काय पाहिजे ते बोलतात. पुरुष खिडकीशी मोठ्यानं बोलतात, जणू मी बहिरी. बाया बाजूला उभ्या राहून कुणी पुरुष विचारतोय का याची वाट पाहतात. तरणी पोरं माझ्या झडपेच्या काचेत केस बघतात. आणि फळीवर कोपर टेकवून उभं राहणाऱ्यांनी मला मधोमध अशी झिजवली आहे की पावसाचं पाणी आता तिथंच साचतं. ती झीज माझा दागिना आहे.

या सगळ्या हातांत एक हात जयवंताबाईचा.

ती सरहद्दीजवळच्या गावातली. नवरा नरसिंगराव असताना त्याच्याबरोबर यायची आणि सगळं तीच बोलायची. नवरा तापानं गेला. पुढं काचबिंदूनं तिचे डोळेही गेले. मला वाटलं, आता ही यायची नाही. तर पुढच्याच मोसमात आली. गोदामाच्या भिंतीला हात लावला, भिंतीच्या कडेकडेनं चालत राहिली, आणि हाताला लाकूड लागलं तशी थांबली. मनगटातलं चांदीचं कडं माझ्या फळीवर वाजवलं आणि म्हणाली, "माणिकराव, टोकन द्या. पराटी फुटली, कापूस वेचाले आला."

माणिकराव म्हणजे आताचे मुन्शी. त्यांनी विचारलं, "बाई, वावर कोण पाहते आता?"

"पाहत कोणीच नाई. करतो मी. बोंड हातानं समजते."

हे बोलणं मला इतकं आवडलं की त्या दिवसापासून मी तिची वाट पाहायला लागले. तिला मी दिसत नव्हते आणि तरी सगळ्यांत आधी तिलाच सापडायचे. डोळेवाले रंग बघतात, पाटी बघतात, रांग बघतात. ती मला बघायची ते तळहातानं. कुठं झिजले, कुठं खिळा वर आला, सगळं तिला ठाऊक.

मग मयूरी आली.

मयूरी मूळची मंचेरियलची, कोळशाच्या गावातली. आता आदिलाबादला नोकरी करते. संघानं तिला वेबसाइट बनवायचं काम दिलं. आल्या दिवशी तिनं मला पुढून बघितलं, मागं सरकली, पुन्हा बघितलं. माणिकरावांनी ओल्या फडक्यानं मला पुसलं. तिनं माझा फोटो काढला. खरं सांगते, मी चढून गेले. इतक्या वर्षांत माझ्यापुढं उभं राहून लोकांनी स्वतःचे फोटो काढले होते. माझा कुणी काढला नव्हता.

मला काय ठाऊक, माझा चेहरा घेऊन ती माझी सवत घडवत होती.

पुढच्या मोसमात टोकन फोनावर निघायला लागलं. लखन तीनचाकीवर बसून आवारात आला, खास माझ्यापुढं थांबला आणि मांडीवरचा फोन उंच करून माणिकरावांना दाखवला. "पाहा. आता बूड नाई, अख्खी खिडकी माझ्या मांडीवर. घरी बसल्या टोकन काढलं." त्याच्या फोनात मी होते. धुतलेली, चकचकीत, बसक्या माणसाच्या मांडीइतकी खाली उतरलेली. बघून माझ्या गजांना आग लागली. त्याला हवी होती ती मी व्हायला तयार होते की. मला कुणी खाली आणली का? नाही. माझं चित्र आणलं.

मग रांग आटली. माझी झडप दुपारपर्यंत बंद राहायला लागली, पुढं दिवसभर. गांधीलमाश्यांनी कोपऱ्यात घर केलं. कुणीतरी माझ्यावर बियाण्याची जाहिरात चिकटवली. लोक मोटारसायकल माझ्याखाली सावलीला लावायचे आणि माझ्याकडे पाठ करून फोनातल्या माझ्यावर बोट दाबायचे. सवत म्हणजे काय हे ज्या बाईनं भोगलं असेल तिलाच हे कळेल. नवरा अंगणात बसलेला असावा आणि हसत असावा दुसरीकडे बघून.

जयवंताबाईही यायची थांबली. तिचा दीर चंपतराव फोनावर टोकन काढायचा, तिचंही आणि स्वतःचंही, सगळं आपल्याच नंबरावरून. ज्याच्या नंबरावर टोकन, त्याचं नाव भोंग्यावर. म्हणून तिच्या कापसाची गाडी आली की भोंगा पुकारायचा, "चंपतराव". नारळही तोच फोडायचा. माझ्या फळीवर खोबरं ठेवायचा ते घाईनं, फोन कानाला लावून. एकदा फोनावर कुणाला तरी म्हणाला, "वैनीचं वावर? ते तं आता माह्याकडंच हाय. गावाले पुसून पाहा." इथल्या गावांत असंच मानतात. काट्यावर ज्याचं नाव पुकारलं, वावर त्याचं. कागद कपाटात राहतो. भोंगा साऱ्या पंचक्रोशीला ऐकू जातो.

मी हे ऐकलं. पण खिडकी ऐकते, उठून सांगायला जात नाही.

या मोसमाला, टोकनं सुरू झाली त्या सकाळी, माझ्या फळीवर कडं वाजलं.

झडप बंद होती, तरी माझ्या अंगात जीव आला. माणिकरावांनी आतून उघडली. "कोण?"

"मी. तुमच्या खिडकीनं वळखलं. तुमाले नाई वळखू आलं."

"अरे, जयवंताबाई. पण खिडकीवर आता टोकन नाई भेटत. चंपतरावाले सांगा ना. दरसाल तेच काढते."

"तेच तं काढते. अन् तुमी त्याचंच नाव पुकारता. काऊन?"

"मशीन तसं करते, बाई. ज्याचा नंबर, त्याचं नाव."

"मशीनले नाई पुसलं मी. तुमाले पुसून राह्यली."

मग तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढून माझ्या फळीवर ठेवला, त्याच झिजलेल्या जागी. तिचा फोन बोलतो. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते वाचून दाखवतो. तो वापरायला ती कुणाकडून शिकली नव्हती. शेजारणीच्या लग्नाला जायच्या ऐवजी घरी बसून शिकली होती, असं नंतर तिनंच सांगितलं. "ऐका," म्हणाली, आणि बोट फिरवलं.

फोन बोलला, "कापूस संघ, शीर्षक." बोट पुढं सरकलं. "फोटो." आणखी पुढं. "लेबल नसलेलं बटण." पुन्हा, "लेबल नसलेलं बटण." पुन्हा मागं, "फोटो."

"झालं," ती म्हणाली. "आता याच्यात टोकन कुठं हाय, सांगा."

मला जो आनंद झाला तो मी झाकणार नाही. सगळ्यांना भुलवणारी ती सवत हिच्यापुढं तोंडात बोळा घालून बसली होती. नावही सांगता येत नव्हतं तिला. मी मनात म्हटलं, बाई, फोन फेकून दे, हात घाल गजांतून, माणिकराव, द्या तिला जुन्या पद्धतीनं चिठ्ठी, आणि होऊ दे पहिल्यासारखं.

माणिकराव चांगला माणूस. ते म्हणाले, "द्या इकडं, मी काढून देतो. तुमच्याच नंबरावर काढतो."

"आज तुमी द्याल. तुमी घरी बसले की मंग कोण? मी कोणाचे उपकार मागायले नाई आली, माणिकराव. आत जायचं दार कुठं हाय, ते पुसायले आली. भिंत तं सापडली मले. दार नाई सापडलं."

तेवढ्यात चंपतरावाची मोटारसायकल येऊन थांबली. कुणीतरी त्याला कळवलं असणार. उतरता उतरताच म्हणाला, "वैनी, कायले तरास घेता? मी हाव ना."

"भाऊजी, तुमी हा म्हणूनच आली."

"घरात माणूस असून बाई खिडकीवर उभी. लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणून राह्यले, वावर चंपतरावाचं. ते थांबवा आधी, मंग माह्या उभं राहाचं पाहू."

त्यानं माझा गज धरला. घट्ट. मी काय ते समजले.

मोसम सुरू व्हायचा म्हणून मयूरी त्या दिवशी आलेली होती. आत कॉम्प्युटरशी बसून हे सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, फळीवरच्या फोनाकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "काकू, हा जो फोटो म्हणतोय ना, तो या खिडकीचा आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी तो मुद्दाम टाकला. ही खिडकी सगळे ओळखतात. तिच्यावर बोट ठेवलं की टोकन निघतं."

म्हणजे मघापासून जयवंताबाईचं बोट ज्यावरून घसरत होतं, ती मीच होते. जी भिंतीत मला अंधारातही शोधायची, तिला मी फोनात सापडत नव्हते. माझाच चेहरा तिच्या वाटेत आडवा पडला होता, मुका, बिननावाचा. सवतीवर जळत होते, आता त्या फोटोवर जळायला लागले. माझं रूप घेतलंस, निदान तिला ओळख तरी द्यायची होतीस.

जयवंताबाई म्हणाली, "पोरी, तुहा फोन आन." मयूरीनं त्याचंही बोलणं सुरू केलं आणि दिला. जयवंताबाईनं तो माझ्या फळीवर ठेवला आणि आपला पदर त्यावर पांघरला. "घाल हात पदराखाली. काढ टोकन."

मयूरीनं हात घातला. बोट फिरवत राहिली. वेबसाइट तिनंच बनवलेली, तरी ती ओठ चावत होती. शेवटी म्हणाली, "नाही निघत, काकू. फोटोच्या मागं शब्द लिहायचे असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण फोन वाचतो. मी ती जागा रिकामी सोडली."

"काऊन सोडली?"

"वाटलं, शेतकरी आहेत. दिसत असेल सगळ्यांना."

"शेतकरी आंधळा नसते?" जयवंताबाईनं शांतपणे विचारलं आणि पदर सावरला.

चंपतरावाला बोलायची जागा सापडली. "एका माणसासाठी आता सारं मशीन खोलता का? बाकीचे खोळंबतीन."

खालून आवाज आला. लखनची तीनचाकी कधी येऊन उभी राहिली कुणालाच कळलं नव्हतं. "चंपतराव, माह्यासाठी या खिडकीले कोणी वीतभर खाली नाई आणलं. तवाही हेच म्हणत होते, एका माणसासाठी भिंत फोडाची का? फोनातली तं फोडाचीही नाई, लिवाची हाय. लिवू द्या."

मग दोन शब्दांसाठी सभा भरली, माझ्याच पुढं. फोटोच्या मागं काय लिहायचं? माणिकरावांनी घसा साफ केला आणि दफ्तरी मराठीत सांगितलं, "लिहा, कापूस संघ कार्यालयाच्या सागवानी खिडकीचे छायाचित्र." माझ्या चौकटीवर रोमांच उभे राहिले. आता प्रत्येक आंधळ्या माणसाच्या कानात माझं नाव, माझं लाकूड, माझा मान. मी माणिकरावांना त्या क्षणी सात खून माफ केले.

जयवंताबाई हसली. "मुन्शीजी, मले त्या खिडकीचं लगीन लावाचं हाय का? साग हाय का बाभूळ, घेऊन काय करू? बोट ठेवलं की होते काय, ते लिवा. टोकन काढा. बस."

"काकू म्हणतात तेच बरोबर आहे," मयूरी म्हणाली आणि तेच लिहिलं.

टोकन काढा. त्यात मी कुठं आहे? कुठंच नाही. चेहरा माझा घेतला, काम माझं घेतलं आणि नावाची वेळ आली तेव्हा ज्या बाईवर माझा जीव, तिनंच मला खोडून टाकलं. मी तिच्यावर रुसले. तिला त्याचा पत्ताही नव्हता. ती पुढचं विचारत होती, "अन् दिवस कसा निवडू?"

"हिरवे रकाने रिकामे, लाल भरलेले," मयूरी बोलून गेली. मग स्वतःच म्हणाली, "लिहिते. रिकामा, भरला, असं लिहिते."

मयूरी माझ्या फळीवरच लॅपटॉप ठेवून काम करत राहिली. बटणांमागून बटणांना नावं मिळाली. जयवंताबाई प्रत्येक वेळी बोट फिरवून ऐकायची आणि सांगायची, "हे समजलं," किंवा "हे कोणाले समजन? पुन्हा लिव." माणिकरावांनी चहा मागवला. चंपतराव घड्याळ बघत उभा होता, पण गेला नाही.

शेवटी तिनं फोन हातात घेतला आणि काचेवर बोट फिरवलं.

"टोकन काढा, बटण."

तिनं बोट दाबलं. "सोमवार, भरला. मंगळवार, भरला. बुधवार, रिकामा." पुन्हा दाबलं. खात्री करायला तिच्या नंबरावर आकडा आला, तो फोननंच वाचला, तिनं तो भरला.

"टोकन मिळालं. नाव, जयवंताबाई. दिवस, बुधवार."

तिनं ते परत ऐकलं. मग आणखी एकदा. लखननं तीनचाकीची घंटी वाजवली.

चंपतरावाचा हात गजावरून सुटला होता. "मंग गाडी कोण हाकलन?" त्यानं विचारलं. आवाजात पहिली गुर्मी नव्हती.

"तुमीच हाका, भाऊजी. गाडी तुमची, कापूस माहा. मी पुढं बसीन."

बुधवारी भोंगा वाजला. इथून पलीकडच्या नाल्यापर्यंत ऐकू गेलं, "जयवंताबाई. जयवंताबाईची गाडी काट्यावर घ्या." चहावाल्यानं गाळणी हातात धरून मान वळवली. ती गाडीवरून उतरली, दगड चाचपला आणि नारळ असा फोडला की पाणी चंपतरावाच्या धोतरावर उडालं. कुणीतरी मागून म्हणालं, "नरसिंगरावाच्या बायकोचं वावर ना? चांगलं पिकलं." एवढंच. पण मला कळलं, वावर घरी आलं.

माणिकराव आता काट्यापाशी टेबल टाकून बसतात. माझी झडप बंद होती, आत कुणी नव्हतं. खोबऱ्याचा तुकडा तिनं त्यांना तिथंच दिला असता, तरी रीत पुरी झाली असती.

तिनं गोदामाच्या भिंतीला हात लावला. कडेकडेनं चालत आली. हाताला लाकूड लागलं तशी थांबली आणि कडं वाजवलं. आतून कुणी उत्तर दिलं नाही. मग फळी तळहातानं चाचपली, झिजलेली जागा सापडली, तिथं खोबरं ठेवलं आणि म्हणाली, "हाय वाटते अजून." आणि गेली.

मोसम संपला की मला काढून भिंत बुजवणार आहेत, असं माणिकराव परवा कुणाला तरी सांगत होते. बुजवा. सुताराच्या मापानं मी उंच बसले आणि लखनला कधी भेटू शकले नाही, हे माझ्या नशिबी होतं. पण तुम्ही, जे फोनांमध्ये दारं आणि खिडक्या बांधता, तुमच्याकडे ना सुतार ना भिंत. तुम्हाला सबब नाही. बांधून झालं की त्यावर एकदा पदर टाका आणि आत जाऊन बघा. नाही जाता आलं, तर ते दार नाही, माझा मुका फोटो आहे.

आणि माझ्या सवतीला निरोप. रांग तुझी, नाव तुझं, जयवंताबाईचं बोटही आता तुझं. राहा सुखानं. पण तुझ्यापुढं आजवर कुणी खोबरं ठेवलं नाही आणि ठेवणार नाही.

माझ्या फळीवरच्या त्या तुकड्याला मुंग्या लागल्या आहेत. मी त्यांना हाकलत नाही. आवाराच्या पार त्या टोकापासून, एकीमागे एक, रांग लावून येतात.